खटक्यातलं ग्रीस

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही. तुम्ही चारचौघांत बोलाल, हा संशयही आत्ता मनात येऊन गेलाच.

स्वभावच तसा माझा. दुधाची पिशवीसुद्धा हातात तोलून घेते. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये आमचा छोटा कारखाना आहे. ऊब पुरेशी झाली की हीटर आपोआप बंद करणारे खटके आम्ही बनवतो. डिसेंबरातही पंखा लावून झोपणारी माणसं आम्ही, आणि आमचा माल जातो बर्फातल्या हरितगृहांना. खटका बाहेरच्या भिंतीला बसतो, ऊब जोखणारी नळी तेवढी आत.

हिमाचलातला एक शेतकरी आमचं गिऱ्हाईक. प्लास्टिकच्या घरात भर थंडीत टोमॅटो पिकवतो. एका हिवाळ्यात त्याचा फोन आला — हीटर बंदच होत नाही, वीज भरमसाट जाते, खटका बघा. मला वाटलं, याला फुकट माल उकळायचाय. विचारलं, आत कोण असतं? धाकटा भाऊ, म्हणाला. राखणीला तिथेच झोपतो.

"फिर भाई को पूछो ना," मी म्हटलं. "ठंडी लगती होगी, वोच घुमाता होगा बटन."

पूछता हूँ, म्हणत त्याने फोन ठेवला. मला बरं वाटलं — हो, बरंच वाटलं.

पण संशय कुणाला सोडतो? पुढे तो आपल्याच मालावर आला. एक खटका अंबरनाथला घरी आणला, फ्रीजरमध्ये बोंबलांच्या डब्याशेजारी ठेवला. दुपारी काढून बघते तर आतलं ग्रीस मेणासारखं थिजलेलं, खटका जागचा हलेना. आमच्या उकाड्यात तो कधी अडकलाच नव्हता. इथे थंडीत तपासायचं कुणाला सुचणार? — नाही, ही सबब झाली. कळलं तेव्हा फोन हातातच होता. केला का? नाही केला.

दुसरं ग्रीस घालून नवा खटका पाठवला. नवीन मॉडेल आहे, आमच्याकडून भेट समजा, असं कळवलं.

महिन्याभराने तो खुशीत बोलत होता. दीदी, तुम्ही बरोबर ओळखलंत. भावाला घराबाहेर काढलं आणि त्याच आठवड्यात वीज निम्म्यावर आली. शेवटपर्यंत देवाच्या शपथा घेत होता, म्हणे. मी विचारून घेतलं, तर नवा खटकाही त्याच आठवड्यात बसवला होता, पण स्वतःहून त्याने खटक्याचं नावही काढलं नाही.

तेव्हा तरी सांगता आलं असतं ना?

"मैं बोली थी ना," मी म्हटलं.

भाऊ अजून परतलेला नाही. त्याने बटणाला हात लावला नव्हता, हे त्याच्या घरात कुणालाच माहीत नाही. मला माहीत आहे.