मामाने कापलेले तुकडे

माझा मामा छापखान्यात मुद्रितशोधक होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलेला माणूस निवृत्त झाला म्हणून स्वस्थ बसतो थोडाच! त्याने अंधांच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायला घेतली. पलंगावरची गादी खिडकीला उभी लावायची, पंखा बंद, दार बंद, आणि घामाघूम होत लॅपटॉपपुढे वाचत बसायचं. खुर्ची करकरली, खोकला आला, कुणी हाक मारली, की तेवढा तुकडा कापायचा. ग्रंथालयातली माणसं त्याची तोंडभरून स्तुती करायची आणि मग आठवडाभर मामाचे पाय जमिनीवर नसायचे.

सगळ्यात जास्त कापली गेली ती मामी. ती बोलघेवडी. दार ढकलून "अहो, ऐकलंत का" म्हणत आत येणारच. "तुझ्यापायी अख्खं पान पुन्हा वाचावं लागतं!" म्हणून मामा तिच्यावर डाफरायचा. ती माझ्याकडे बघून डोळे मिचकावायची. म्हणायची, "तुझ्या मामाला माझ्या तोंडाला कुलूप लावायचंय. मापाचं मिळत नाही, म्हणून बिचारा गप्प आहे."

गेल्या वर्षी मामी गेली. दुपारी जरा पडते म्हणाली, ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय.

काही दिवसांनी मामाने मला विचारलं, "तुझ्या फोनमध्ये तिचा आवाज आहे का गं कुठे?" मी फोन पालथा घातला. फोटो ढीगभर, आवाज कुठेच नाही. बोलून निरोप पाठवणं तिला कधी जमलं नाही. घरच्या समारंभांच्या व्हिडिओत ती दिसायची, पण मागे कुठेतरी, कामात. मामा सगळ्या नातेवाइकांच्या खनपटीला बसला. कुणाकडेच काही नव्हतं.

"ती काय बोलायची ते आठवतं," तो एकदा म्हणाला, "पण आवाज आठवत नाही गं. विसरायला लागलोय मी." मी पुन्हा एकदा फोन चाळायला घेतला.

मग परवा त्याचा फोन आला. लॅपटॉप भरलाय, नवीन काही साठवून घेत नाही, हातातलं पुस्तक अर्धं राहिलंय, येऊन बघ. मी ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते, एवढ्यावर आमच्या घराण्याने मला मेकॅनिक ठरवलंय. कुरकुरत गेले.

कशाने किती जागा अडवलीय ते दाखवणारी पट्टी उघडून पाहिली. फोटो कणभर, पुस्तकं थोडीफार, आणि बाकीची सगळी पट्टी करड्या रंगाची. त्यापुढे नुसतं लिहिलेलं, 'सिस्टिम'.

"ह्यात काय आहे?" मामाने चष्मा वर सरकवला.

"ते सांगत नाही. कॉम्प्युटरला स्वतःला थोडी जागा लागते. पण एवढी नाही."

"मग कापून टाक," मामा सवयीने म्हणाला.

मी कचरापेटी रिकामी केली, जुने अपडेट काढले, नको ते प्रोग्राम उडवले. पट्टी ढिम्म हलली नाही. शेवटी वैतागून विचारलं, "मामा, तू हा बंद कसा करतोस?"

"कसा म्हणजे? भिंतीवरचं बटण बंद करतो. रेडिओ नाही का करत?"

मी कपाळाला हात लावला. बॅटरी केव्हाच मेली होती, त्यामुळे बटण दाबलं की लॅपटॉप तिथल्या तिथे आडवा. "अरे, रेकॉर्डिंगचा प्रोग्राम नीट बंद केला, की कापलेले तुकडे तो फेकून देतो. तू रोज एकदम वीजच तोडायचास. म्हणून त्याने ते सगळे आत कुठेतरी तसेच ठेवून..."

मी बोलता बोलता थांबले.

"कापलेले म्हणजे," मामाने हळूच विचारलं, "सगळे?"

लपलेलं फोल्डर सापडलं. पहिल्या तुकड्यात खोकला होता. दुसऱ्यात खुर्ची. मग दार वाजलं आणि मामी म्हणाली, "अहो, ऐकलंत का, दूध..." त्यावर मामाचं "श्श!"

तीच होती. जराशी घोगरी, वाक्य वर नेणारी. मला रडू आवरेना, मी आवरलंही नाही. मामा मात्र लहान मुलासारखा हसत होता. "तीच गं! तीच!"

आम्ही ऐकत बसलो. "अहो, बाहेर कुणीतरी..." श्श! "अहो, तुमचा चष्मा..." श्श! एकही वाक्य पुरं झालेलं नव्हतं. मामाचं हसू हळूहळू मावळलं. शेवटीशेवटीच्या तुकड्यांत तर ती बोलतच नव्हती. दार उघडायचं, थोडा वेळ नुसत्या तिच्या बांगड्या वाजायच्या, दार लागायचं. तेवढंही मामाने कापलं होतं.

ती असलेला शेवटचा तुकडा ती गेली त्याच दिवशी सकाळचा होता. दार उघडलं. "अहो, मला जरा..." आणि मामाने श्शसुद्धा न करता आवाज चढवून वाचन पुढे रेटलं. त्या वाचनाखाली ती काहीतरी सांगत होती, बराच वेळ. शब्द एकही लागत नव्हता. मग दार लागलं.

मामाने तो तुकडा पुन्हा पुन्हा लावायला लावला. स्पीकरला कान टेकवून ऐकला. मग म्हणाला, "ह्यातला माझा आवाज तेवढा काढ."

"नाही रे निघणार, मामा. दोन्ही एकावर एक बसलेत."

"बघ तर खरं. माझं काही ठेवू नकोस."

मी खूप खटपट केली. त्याचा आवाज उतरवला, की तिचाही बुडायचा. अखेर हात टेकले. सगळे तुकडे वेगळ्या डिस्कवर घेतले आणि लॅपटॉप मोकळा केला. करडी पट्टी एवढीशी उरली. "झाली जागा," मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "आता पुस्तक पुरं कर."

"ते दुसऱ्या कुणाला तरी द्यायला सांग त्यांना," मामा म्हणाला. "मला तिचं ऐकायचंय."

त्याने तो तुकडा पुन्हा लावला आणि डोळे मिटून कान दिला. खोलीभर त्याचाच आवाज घुमला, स्वच्छ, खणखणीत, एकही चूक नसलेला.