झुनिल्डाची एकटीची रात्र

झुनिल्डा सोतेलोने साठी ओलांडली, तरी ती एकही रात्र एकटी झोपली नव्हती. माहेरी एका खाटेवर तिघी बहिणी, त्यात ही मधली, म्हणजे दोन्ही बाजूंनी लाथा. लग्नानंतर नेमेसियोचं घोरणं वाट्याला आलं. मग मुलं, मुलांची दुखणी, शेवटी अंथरुणाला खिळलेली सासू. नेमेसियो गेला तेव्हा आईला एकटं वाटू नये म्हणून थोरल्या मिर्ताने आपल्या दोन्ही मुली तिच्या खोलीत झोपायला पाठवल्या. नातींवर झुनिल्डाचा जीव होता. पण धाकटी झोपेत बडबडायची आणि मोठी पंखा हळूच आपल्याकडे वळवून घ्यायची.

गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात तिचा जन्म गेला. रोज अंधारातच सायकल काढायची, शाळा उघडायची आणि पोरांसाठी दुधाची पातेली चढवायची. नोकरी संपली तरी सायकल सुटली नाही. जड, हिरवी, पुढे तारेची टोपली असलेली ती सायकल गावात सगळ्यांच्या ओळखीची होती.

त्यांच्याकडे उन्हाळा जानेवारीत येतो, आणि तो ऐन भरात होता. सुट्टीमुळे घर माणसांनी गजबजलेलं. जेवताना झुनिल्डा म्हणाली, "शनिवारी मी सांता लुसिया नदीच्या वळणावर जातेय. सायकलने. रात्री नदीवरच राहीन."

"कोणाबरोबर?" मिर्ताने विचारलं.

"कोणाबरोबर नाही."

जावयाला थट्टा वाटली, तो हसला. मिर्ताचा घास हातातच राहिला. त्या दिवसापासून तिने आईच्या मागे टुमणं लावलं. ऊन लागेल, साप निघतील, दारुडे येतील, पाय मुरगळला तर कुत्रंही विचारणार नाही. नेमेसियोची बहीण एमेतेरिया मुद्दाम घरी आली आणि कोण आहे तो, एवढं तरी कानात सांग, म्हणाली. झुनिल्डाने तिला सांगितलं, "असता तर मी सायकल मारत गेले असते होय? त्याने न्यायला यायला नको?"

त्या वळणाचं तिला लहानपणापासून वेड होतं. कापूस वेचायला सगळं घर ट्रकमधून जायचं, तेव्हा पुलावरून वाळूचा तो पट्टा आणि वाळुंजाच्या झाडांची सावली दिसायची. थांबू या म्हणून तिने एकदा बापाकडे हट्टही धरला होता. पण मुकादमाचा ट्रक पोरींसाठी थांबत नसतो.

शनिवारी पहाटेच निघायचा बेत होता. ती अंगणात आली तर सायकलची दोन्ही चाकं बसलेली. रात्रीतून कोणीतरी हवा सोडली होती आणि पंपही जागेवर नव्हता. कोणी केलं ते तिने विचारलं नाही. शेजारून पंप आणून हवा भरली, मच्छरदाणी, चादर, चीज, चिपा, म्हणजे कसाव्याच्या पिठाचे छोटे पाव, आणि बर्फाच्या पाण्याचा थर्मास टोपलीत आणि मागे बांधला. मिर्ता दारात उभी राहून रडत होती. झुनिल्डाने तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि पायडलवर पाय ठेवला. तोवर सूर्य चांगलाच वर आला होता.

गावाबाहेर पडली तेव्हा ऊन मी म्हणत होतं. लाल मातीचा रस्ता भट्टीसारखा तापलेला, गुरंसुद्धा कुंपणाला चिकटून सावली शोधत होती. झुनिल्डाने घाई केली नाही. मोठ्या चुलींपुढे तिने उन्हाळे काढले होते. अंगाची लाही झाली की हात आवरायचा, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. वाटसरू ज्याला नवस बोलतात त्या गाउचितोच्या देवळीपाशी, लाल निशाणांशेजारी एक डेरेदार झाड होतं. तिथे तिने ओला टॉवेल डोक्यावर घेऊन दुपारभर पाठ टेकली. सावल्या लांबल्या तेव्हा पुढे निघाली.

वळण आठवणीतल्यापेक्षा लहान निघालं, पण वाळूचा पट्टा होता आणि वाळुंजही होते. तिने मच्छरदाणी बांधली, कपड्यांसकट पाण्यात गळ्यापर्यंत बसली आणि डोळे मिटले. उघडले तर वरच्या अंगाला, उतरत्या पण कडक उन्हात, उघड्यावर एक माणूस गळ टाकून बसलेला.

टोपीवरूनच तिने ओळखलं. नेमेसियोचा जुना दोस्त, कासियानो न्हावी. माशाच्या वासाने ज्याला मळमळतं, तो मासेमारीला आला होता. मिर्ताची करामत तिच्या ध्यानात आली. तिचा असा संताप झाला की तिकडे बघायचंच नाही, असं तिने ठरवलं. बसू दे लेकाला उन्हात.

थोड्या वेळाने गळाची काठी वाहत आली. मागोमाग तिने पाहिलं, तर कासियानो एका अंगाला कलला होता.

ती तशीच ओलेत्याने धावली. त्याचं अंग चटका बसावा इतकं तापलं होतं, चेहरा लालबुंद, आणि तो नेमेसियोच्याच नावाने काहीतरी पुटपुटत होता. तिने त्याला काखेत धरून सावलीत ओढलं, सदरा काढला, चादर नदीत बुडवून त्याच्या मानेवर, छातीवर, काखांत दाबली आणि टोपीने वारा घालत राहिली. चादर तापली की पुन्हा बुडवायची. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. तिने घोटघोट दिलं.

"सकाळपासून तुमच्या मागे उन्हातच आहे. तुम्हाला कळू द्यायचं नाही, अशी शपथ घातली होती मिर्ताने," तो म्हणाला.

"मग गळाला आमिष तरी लावायचं होतंत."

तो कसनुसा हसला. सूर्य झाडांमागे गेला तेव्हा त्याने विचारलं, "वहिनी, आमच्याकडून काही कमी पडलं का हो?"

"कमी कधीच पडलं नाही. तेच तर. शेजारी कोणी नसलं की मी कशी असते, ते एकदा बघायचंय मला."

"मी रोज एकटाच झोपतो. त्यात बघण्यासारखं काही नाही."

"तुमच्या ते अंगवळणी पडलंय," ती म्हणाली. बोलून झाल्यावर तिला वाईट वाटलं. बायको जाऊन इतकी वर्षं झाली, या माणसाला रात्री कसं वाटतं हे कोणी विचारलं नसेल. तिने त्याला चिपा दिला. एक स्वतः घेतला.

ज्या मोटरसायकलवर तो आला होता, ती चालवण्याच्या अवस्थेत तो नव्हता. तिने त्याला हाताला धरून पलीकडच्या शेतावर नेलं. तिथल्या ओखेदा बाईने अंगणात खाट टाकली आणि रात्रभर लक्ष ठेवते म्हणाली. झुनिल्डालाही राहायचा आग्रह झाला. तिने आभार मानले आणि संधिप्रकाशात परत वळणावर आली.

अंधार पडताच तिने मच्छरदाणीच्या कडा अंगाखाली खोचल्या. बेडकांनी रान डोक्यावर घेतलं होतं. पाण्यात काहीतरी धपकन पडलं. ती ताठ पडून राहिली, एका कडेला, जणू शेजारी कोणाला जागा ठेवायची होती. लक्षात आलं तेव्हा तिचं तिलाच हसू आलं. ती मधोमध सरकली आणि हातपाय पसरले. मग नेमेसियोची आठवण आली, थोडं रडू आलं. कोणी काय झालं म्हणून विचारलं नाही, म्हणून ते आपोआप थांबलं. त्यानंतर तिला काही आठवत नव्हतं.

जाग आली तेव्हा ऊन मच्छरदाणीवर आलं होतं. इतक्या उशिरा ती आयुष्यात कधी उठली नव्हती. तिने नदीत डुंबून घेतलं आणि शेतावर जाऊन कासियानोला पाहिलं. तो माते, म्हणजे तिकडचा कडसर पाल्याचा चहा, पीत बसला होता, अशक्त पण ठीक. मोटरसायकल हळूहळू तुमच्या मागून आणतो, म्हणाला.

"मागून नको. पुढे जा," झुनिल्डा म्हणाली. "आणि मिर्ताला खरं काय ते सांगा. मला खोटं बोलणं जमत नाही, तुम्हाला तर त्याहून नाही."

तो गेला. वाटेत एका गाडीवाल्याकडे टरबुजं होती. तिने एक घेतलं, रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर बसून फोडलं आणि एकटीने खाल्लं, जेवढं खाववलं तेवढं. बाकीचं टोपलीत ठेवून ती सावकाश घराकडे निघाली.