बारा दिवसांचे एकत्र

ज्या दिवशी पाऊस पडला नाही तो दिवससुद्धा कोणीतरी लिहून ठेवला पाहिजे, असं मानणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला. एकोडी गावाच्या पुढे रस्त्याला लागून एक जुना तलाव आहे. त्याच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाच्या पायथ्याशी, तारेच्या कुंपणात एक पर्जन्यमापक होता आणि कुंपणाच्या कुलपाची किल्ली या माणसाच्या करदोड्याला असे. भर मे महिन्यात, तलावाच्या तळाला भेगा पडलेल्या असताना, सकाळी बरोबर साडेआठला ते कुलूप काढत. नरसाळं उचलत, आतली बाटली मापाच्या काचनळीवर उपडी धरत आणि थोडा वेळ तसेच थांबत. थेंब पडत नसे. मग बाटली जागेवर ठेवून नोंदवहीत लिहीत, ०.०, आणि खाली सही करत.

गाव त्यांना पाणमोजे म्हणायचं. खरं आडनाव त्या सहीत तेवढं उरलं होतं. पाटबंधाऱ्याच्या खात्यात ते तलावावरचे चौकीदार होते. पावसाची नोंद हे त्यांचं चिल्लर काम होतं; त्यांनी ते मुख्य करून टाकलं. टपरीवरची मंडळी उन्हाळ्यात मुद्दाम विचारत, "काय पाणमोजे, किती आला आज?" ते चहाचा घोट घेऊन सांगत, "शून्य पूर्णांक शून्य. तुमाले किती दिसला?" एकदा कोणी म्हणालं की घरी बसून लिहिलं तरी शून्यच येते, मंग उन्हात कायले जाऊन राहिले? त्यावर ते जे बोलले ते मी पुढे वर्गात कितीतरी वेळा सांगितलं आहे, त्यांचं नाव न घेता.

"शून्य म्हंजे पाहिलं, अन् नव्हता. रिकामी जागा म्हंजे पाहिलंच नाई. दोन्ही एक कसे होतीन?"

मी तालुक्याच्या कॉलेजात भूगोल शिकवतो. पीएच.डी.साठी मला जिल्ह्यातल्या पावसाची जुनी आकडेवारी हवी होती. जी हाती आली तिच्यातल्या एका ठिकाणी रविवारी कधीच पाऊस पडत नसे आणि सोमवारी भरपूर पडे. कारण उघड होतं, रविवारी मोजणाऱ्याला सुट्टी. कंटाळून मी एकोडीच्या रस्त्याला लागलो आणि पाणमोजेंच्या ओसरीवर पोहोचलो. लोखंडी पेटीत तीस वर्षांच्या नोंदवह्या होत्या, वर्षागणिक सुतळीने बांधलेल्या. दर रविवारी पाऊस होता, किंवा शून्य होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी रोज तिथे जाऊन आकडे उतरवले. मी त्यांना मामाजी म्हणू लागलो, ते मला भाऊ म्हणत. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाल्यावर एका सकाळी त्यांनी मला मापाची नळी हातात दिली. मी उभ्यानेच वाचायला लागलो तेव्हा माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी मला चिखलात गुडघ्यावर बसवलं. "काठ पाहू नोका, भाऊ. काठाले पाणी काचेवर चढते. पोट पाहा." नळीतल्या पाण्याचा पृष्ठभाग मध्ये किंचित खोलगट असतो आणि वाचायचा तो खालचा भाग, हे मी पुस्तकात वाचलं होतं, मुलांना शिकवलंही होतं. प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. माझी पँट खराब झाली म्हणून ते नंतर बराच वेळ हसत होते.

एका वर्षाच्या ऑगस्टच्या पानावर मी अडलो. अकरा ओळी कोऱ्या होत्या. बाराव्या ओळीत लिहिलं होतं, "२०४.० – बारा दिवसांचे एकत्र." तीस वर्षांत एवढीच रिकामी जागा. मी विचारलं, तेव्हा ते पेटीतल्या सुतळीच्या गाठी नीट करत बसले. मग म्हणाले की घरची तेव्हा वारली. पहिले दोन दिवस भंडाऱ्याच्या दवाखान्यात गेले, तिसऱ्या दिवशी गावात आणून अग्नी दिला, दहावा करून मग कुलूप काढलं. बाटली मोठी होती म्हणून ओसंडली नाही. एकूण मोजलं आणि एकूणच लिहिलं. "साचलेलं पाणी कोणत्या दिवसाचं, हे बाटली सांगत नाई."

माझ्या प्रबंधाला सलग तीस वर्षं लागत होती. ज्या वर्षात दहापेक्षा जास्त दिवस कोरे असतील ते वर्ष वगळायचं, असा आमचा नियम. मामाजींचं ते वर्ष अकरा कोऱ्या दिवसांचं होतं. ते गेलं असतं तर अखंड मालिका तुटली असती आणि तिच्यावर उभं असलेलं प्रकरण पडलं असतं. माझी नोकरी तेव्हा पक्की व्हायची होती आणि पदवीवाचून ती होणार नव्हती. मार्गदर्शकांना विचारलं. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "भागिले बारा करा." दोनशे चार भागिले बारा, सतरा. मी बारा चौकटींत बारा वेळा सतरा भरले. एक मिनिटही लागलं नाही.

प्रबंध सादर करायच्या आधी त्या तक्त्यांची झेरॉक्स मी मामाजींना नेऊन दिली. कौतुकाने दिली, तपासायला नव्हे. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण आकडे येत होते. आठ दिवस ते आपल्या वह्या एका बाजूला आणि माझी पानं दुसऱ्या बाजूला ठेवून बसले. मी पुन्हा गेलो तेव्हा त्यांनी दोन ठिकाणी माझे अंक उलटसुलट झाल्याचं दाखवलं. मी ओशाळलो, आभार मानले. मग त्यांनी ऑगस्टच्या पानावर बोट ठेवलं.

"हे सतरा कोठून आले?"

सरासरी काय असते ते मी समजावून सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. कधी कोणाला मध्येच तोडायची सवय त्यांना नव्हती.

"तिसऱ्या दिवशीही सतरा?"

मी हो म्हणालो.

"त्या दिवशी पाऊस नव्हता, भाऊ. लाकडं कोरडे होते."

मग तुम्ही त्या दिवशी शून्य का लिहिलं नाही, असं मी विचारलं. आज तो प्रश्न आठवला की स्वतःची कीव येते. ते म्हणाले, "मोजलं कुठं होतं? लोकं दारात होते. कुलूप नाई काढलं." माझी पानं एकावर एक रचत म्हणाले, "बाकीचं तुमाले समजते. तेवढे बारा दिवस मी लिहिले तसे राहू द्या. मधात काही भरू नोका."

दुरुस्त करतो मामाजी, असं मी म्हणालो. त्याच संध्याकाळी उलटसुलट झालेले दोन आकडे मी दुरुस्त केले. सतरा तसेच राहिले.

दोन परीक्षकांनी तो प्रबंध वाचला. निसर्गात सलग बारा दिवस तंतोतंत सारखा पाऊस कुठे पडत नाही, हे त्यांच्यापैकी कोणाच्याही नजरेला आलं नाही. माझ्या शिस्तीचं मात्र कौतुक झालं. पदवी मिळाली, नोकरी पक्की झाली, कॉलेजने शाल-श्रीफळ दिलं. त्या दिवशी मामाजी न बोलावता आले होते. धुतलेला सदरा, पायात नवी चप्पल. कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना शोधत ग्रंथालयात गेलो तेव्हा ते टेबलावर माझा प्रबंध उघडून बसले होते. पान शोधायला त्यांना वेळ लागला नसावा. मला पाहून त्यांनी तो बंद केला आणि निळ्या पुठ्ठ्यावरून तळहात फिरवला.

"बांधणी मजबूत आहे, सर," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी मला कधीही भाऊ म्हटलं नाही. मी जात राहिलो. ते खुर्ची पुसून देत, चहा सांगत, या सर, बसा सर. त्या बारा दिवसांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही आणि मीही काढला नाही. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

पुढे गावात स्वयंचलित यंत्र आलं. वर सौरपट्टी, आत यंत्रणा; दर थोड्या वेळाने आकडा आपोआप कुठेतरी जायचा. चौकीदाराच्या नोंदीची गरज उरली नाही. नोंदवह्या संगणकावर चढवायच्या म्हणून खात्याची गाडी पेटीसकट घेऊन गेली. मामाजींनी वर्षभर चौकशी केली. शेवटी कोणा नव्या कारकुनाने सांगितलं की ऑफिस हलवताना जुने कागद रद्दीत गेले. मोजमाप मात्र त्यांनी सोडलं नाही. शाळेची शंभर पानी वही आणून तिच्यात लिहायला लागले. एका पावसाळ्यात यंत्राच्या नरसाळ्यात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं. धानाच्या बांध्या भरून वाहत होत्या आणि मोबाइलवर एकोडीचा पाऊस शून्य दिसत होता. टपरीवर छत्र्या झटकत उभ्या असलेल्या लोकांना मामाजी म्हणाले, "मोबाइल नाई म्हणते तं तुमी भिजू नोका."

वह्या गेल्या, आणि त्या तीस वर्षांचा एकच पुरावा जगात उरला, माझा प्रबंध. तो आता इंटरनेटवर आहे. गेल्या वर्षी एका तरुण संशोधक बाईंनी मला त्यांचा निबंध पाठवला. हुशार बाई. पूर्व विदर्भातल्या पावसाच्या संथ, एकसारख्या झडीबद्दल त्यांनी एक सिद्धांत मांडला होता आणि त्याचं ठळक उदाहरण म्हणून माझे बारा सतरा घेतले होते. आलेखात ती रेघ सपाट होती, एखाद्या ओट्यासारखी. मी त्यांना खरं काय ते सांगणारं पत्र लिहिलं. तीनदा लिहिलं. पाठवलं नाही. काही महिन्यांवर माझी प्राध्यापकपदाची मुलाखत होती. ती झाली, पद मिळालं. पत्र अजून संगणकात आहे.

मामाजी यंदा श्रावणात गेले. अंत्ययात्रेला मी होतो. दहाव्याला पुन्हा गेलो. जेवणं उरकल्यावर त्यांची मुलगी शालू माझ्याजवळ आली. वरठीला दिलेली, आता तिच्याही केसांत पांढरं आलं आहे. तिच्या हातात किल्ली होती, करदोड्यातून काढलेली, आणि शंभर पानी वही.

"सर, बाबानं सांगून ठेवलं होतं. सरच्या हातानं शेवटचं लिहून घेजो म्हणे."

सांगताना ते काय विचार करत होते, मला कळत नाही. विश्वास होता की शिक्षा होती, हे मी त्या दिवसापासून ताडून पाहतो आहे.

आम्ही पाळीखाली गेलो. कुलूप गंजलेलं होतं, पण तेल घातलेलं होतं. बाटली जड लागली. मी चिखलात गुडघ्यावर बसलो आणि नळी पुन्हा पुन्हा भरून पोट वाचत गेलो. बेरीज दोनदा तपासली. वहीत त्यांच्या शेवटच्या सहीखाली पुढच्या तारखा आधीच मांडून ठेवलेल्या होत्या, महिनाअखेरपर्यंत. शालू वाकून पाहत होती.

"बाबा गेले त्या दिवशी किती आला, सर?"

त्या दिवशी पाऊस होता. मी त्यात उभा होतो. लाकडं पेट घेत नव्हती म्हणून दोनदा रॉकेल आणावं लागलं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"तुमी तं होते ना?"

"होतो. मोजला नाही."

नऊ ओळी मी कोऱ्या सोडल्या. दहावीत आकडा लिहिला आणि पुढे लिहिलं, दहा दिवसांचे एकत्र. सही करायची जागा होती. सही मी केली नाही.