पंखा थांबला पाहिजे

अंधेरीच्या एमआयडीसीत दर्शना वजनकाटे तपासते, आणि रविवारी माणसंही त्याच काट्यावर तोलते. मुलुंडच्या खाडीकडच्या मैदानावर रिमोटची विमानं उडवणाऱ्यांत तिचा मोठा दरारा. रिसीव्हर म्हणजे विमानाच्या पोटातली, रिमोटचं ऐकणारी डबी. ती कुणी डुप्लिकेट आणली, की दर्शना तोंडावर सुनावायची, "फर्स्ट कॉपी शर्टात चालते रे, आकाशात नाही." उडवण्याआधी दुसऱ्याला विमान धरायला लावून रिमोट बंद करायचा, आणि पंखा आपोआप थांबला पाहिजे, हा नियमही तिचाच. संपर्क तुटल्यावर मोटर चालूच राहिली तर विमान कुणाच्या डोक्यात जाईल, याचा नेम नसतो.

आणि आज त्याच बाईच्या विमानात फर्स्ट कॉपी होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

तिचा ओरिजिनल रिसीव्हर आठवड्यापूर्वीच जळाला होता. नवा यायला महिना लागणार होता. पण या विमानाचे पंख तिच्या वडिलांनी, रतनरावांनी, तासले होते. विक्रोळीच्या कारखान्यात जन्मभर सुतारकाम केलेला माणूस, उद्या कायमचा गावी निघाला होता. आपले पंख उडताना त्यांनी पाहावेत, एवढंच तिला हवं होतं. म्हणून तिने मालाडच्या एका गाळ्यातून ती डबी आणली. स्टिकरसकट हुबेहूब. घरी चाचणी मात्र केली नाही. उत्तर काय येईल याची तिला भीती वाटत होती.

"टेस्ट करायची ना?" अनिरुद्धने विचारलं. तो मैदानावर नुकताच यायला लागला होता. मग स्वतःच हसला. "तुझं विमान कोण तपासणार? उडव यार!"

तिने उडवलं. पहिली फेरी सुरेख झाली. दुसऱ्या फेरीत विमान खाडीकडून वळलं आणि वळतच राहिलं. तिने रिमोटची दांडी उलटी दाबली. विमान ऐकेना. नाक खाली, मोटर भरधाव, आणि समोर कठड्यावर क्रिकेट बघत बसलेली माणसं. ती दांडी दाबतच राहिली. कठड्याच्या जरा अलीकडे विमानाने एकदाचं ऐकलं, माणसांच्या डोक्यांवरून सणाणत वर गेलं.

तिने ते कसंबसं उतरवलं. लोक मात्र टाळ्या वाजवत होते. कसरतच वाटली त्यांना. तिच्या शेजारी उभ्या रतनरावांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"काय झकास!" अनिरुद्ध धावत आला. "कुठला रिसीव्हर टाकलायस? मी पण तोच घेणार."

झाकली मूठ सव्वा लाखाची. ओरिजिनलचं नाव घेतलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. पप्पा आनंदाने गावी गेले असते. तिने कठड्याकडे पाहिलं. तिथे एक बाई मांडीवरच्या लेकराला केळं भरवत होती. दर्शनाला स्वतःची किळस आली.

"पप्पा, शेपूट घट्ट धरा," ती म्हणाली. "आणि सगळे इकडे या."

तिने मोटर सुरू केली आणि सगळ्यांसमोर रिमोटचं बटण दाबलं. पंखा घोंगावतच राहिला. विमान रतनरावांच्या हातांना ओढू लागलं. अनिरुद्धचं हसू मावळलं.

"बंद कर की गं, दर्शना!" रतनराव ओरडले.

तिने विझलेला रिमोट सगळ्यांना दिसेल असा वर धरला. "बंदच आहे, पप्पा."