कोटावरची रोझमेरी

आमच्या सोंबोर गावात रादोयकाताई चाळीस वर्षं जुने फोटो दुरुस्त करतात. फोटो हाती आला की त्या आधी कपडे बघतात, चेहरे नंतर.

परवा ऐंशीच्या बोसिल्काआजी आपल्या आत्याच्या लग्नाचा फोटो घेऊन आल्या. नवरानवरीमागे आजींचे वडील आणि काका उभे होते. दोघेही पुढे युद्धातून परतले नाहीत. एकाचा चेहरा ओलीने पार खाल्ला होता.

"हे बाबा. मी तान्ही असताना गेले, आईही मागोमाग गेली. दुसरा फोटो नाही. एवढं तोंड काढून दे गं."

"नसलेलं तोंड कुठून काढू? मी काय चेटकीण आहे?" ताईंनी भिंग लावलं. "काकांचं लग्न झालं होतं?"

"छे! तो बिनलग्नाचाच गेला."

आमच्याकडे वऱ्हाडी पुरुषांच्या कोटाला रोझमेरीची डहाळी टाचतात. लग्न झालेल्यांना उजवीकडे, बाकीच्यांना डावीकडे. चेहरा गेलेल्या माणसाची डहाळी डावीकडे होती, शेजारच्याची उजवीकडे.

"आजी, गेलाय तो काकांचा चेहरा. बाबा तर हे, शाबूत आहेत."

"या मिशाळाला मी जन्मभर काका म्हणत आले?" आजींनी फोटो ओढून घेतला. "दुरुस्ती उद्या कर. आज मला यांना नीट बघू दे."