‘काय त्रास होतोय?’चं इंग्रजी

स्वारगेटवरून बारामतीची गाडी सुटली तेव्हा मी रागात होते. राग होता तो एका शेऱ्याचा. बारामतीत माझी अक्का राहते. पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा रेश्मा नावाच्या नर्सने तिला तीन आठवडे पोटच्या पोरीने सांभाळावं तसं सांभाळलं. या रेश्माला परदेशातल्या एका रुग्णालयात नोकरीची संधी होती. पहिल्या मुलाखतीत तिला नापास केलं आणि खाली शेरा मारला, ‘रुग्णाशी बोलण्याची पद्धत उद्धट.’ दुसरी मुलाखत शुक्रवारी होती, तिसरी मिळणार नव्हती. अक्काने फोनवर फर्मान काढलं, “तीस वर्षं इंग्रजी शिकवलंस ना? मग ये आणि त्या पोरीचं बघ.”

जेजुरी मागे पडली तशी हवा कोरडी झाली. शेजारी काटेवाडीचे एक तात्या बसले होते. त्यांनी पिशवीतून पेरू काढून अर्धा माझ्या हातावर ठेवला.

“बारामतीला कुणाकडं?”

“बहिणीकडे. एका मुलीला इंग्रजी शिकवायचंय.”

“आता? ह्या वयात?”

“वय माझं झालंय हो, इंग्रजीचं नाही.”

तात्या खो खो हसले. मोरगावच्या पुढे ऊस दिसू लागला, मोळ्यांनी भरलेल्या ट्रॉल्यांमागे आमची गाडी रांगत होती. पेरू मात्र फार गोड होता.

दुपारी थेट रेश्माच्या रुग्णालयात गेले. रेश्मा सव्वीस-सत्तावीसची, बारीक चणीची, बोलणं इतकं हळू की कान द्यावा लागे. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या कॉटशी ती वाकून उभी होती.

“आबा, काय त्रास होतोय?”

“गुडघा ठणकतोय गं बाय. रात्रीधरनं.”

“व्हय? बघू बरं.” आणि तिने गुडघ्यावर असा हात ठेवला की आबांनी डोळेच मिटले. हिला उद्धट म्हणणाऱ्याची मला चीड आली.

ड्यूटी संपल्यावर आम्ही कँटीनमध्ये चहा घेतला. मी म्हटलं, “मी पेशंट. कर सुरुवात, इंग्रजीत.” ती सावरून बसली, माझ्याकडे पाहून गोड हसली आणि म्हणाली, “व्हॉट इज युअर प्रॉब्लेम?”

मी कपाळावर हात मारून घेतला.

“काय झालं मॅडम? ग्रामर चुकलं?”

ग्रामर कुठलं चुकतंय! तिने मनातलं ‘काय त्रास होतोय?’ उचललं आणि त्रासाच्या जागी प्रॉब्लेम ठेवला. कोश काढून पाहिला तर कोशही तिच्याच बाजूने बोलेल. पण इंग्रजी ज्यांची घरची भाषा आहे, त्यांच्या कानाला हे वाक्य ‘तुला काय धाड भरलीय?’ असं लागतं. मी तिला हे सांगितलं. तिचा चहाचा कप तसाच हातात राहिला.

“मी असं म्हटलं? मुलाखतीतल्या त्या बाईंना? त्या तर पेशंट झाल्या होत्या.” तिचे डोळे भरून आले. नापास झाल्याचं तिला तेव्हा इतकं वाटत नव्हतं, एका आजारी माणसावर आपण खेकसलो याची तिला लाज वाटत होती. ते माणूस खोटं खोटं आजारी होतं, तरीही.

मग शब्दांची शोधाशोध सुरू झाली. ‘समानार्थी शब्द नावाची गोष्ट जगात नसते’ हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलेलं, त्यामुळे मला चेव चढला. ‘ट्रबल’ घेतला, तर तो पोलिसी वाटला. ‘कम्प्लेंट’ डॉक्टरांच्या कागदावर शोभतो, रेश्मा म्हणाली, “कम्प्लेंट म्हटलं की आमचा सगळा वॉर्ड मॅनेजरच्या केबिनकडं बघतो.” शेवटी मी ‘व्हॉट्स द मॅटर?’ सुचवलं. तिला एकदम हसू फुटलं.

“मॅडम, हितं मॅटर म्हंजी मारामारी! पोरं म्हणतात ना, स्टँडवर मॅटर झाला.”

ती ते वाक्य म्हणायला गेली की हसायची, हसू दाबलं की आवाज ताठ व्हायचा, आणि ताठ आवाजात तेही उद्धटच लागायचं. दुखण्याचे शब्द तिला चोख येत होते. ठणका म्हणजे ‘थ्रॉबिंग’, नुसतं दुखतं ते ‘एक’ (ache), हात लावला की हुळहुळतं ते ‘सोअर’. अडत होतं ते पहिल्याच वाक्याशी. संध्याकाळी अक्काच्या घरी मी सतरा वाक्यं लिहिली आणि सतराही खोडली. शिकवण्याचा माझा सगळा तोरा त्या वहीत उतरून गेला.

गुरुवारी सकाळी आम्ही दोघी एसटीने इंदापूरला निघालो, तिच्या घरी. मुलाखत तिथूनच व्हिडिओवर द्यायची होती. कालव्याच्या कडेची हिरवी पट्टी, मधेच कारखान्याच्या मळीचा वास, पुढे मोकळी माळरानं. रेश्मा वाटभर ओठ हलवत होती. मी तिला एकदाही टोकलं नाही.

तिचे वडील दुकानात गेले होते. तिच्या अम्मीने, मी त्यांना भाभी म्हणू लागले, चिलापीचं (उजनीच्या पाण्यातला मासा) झणझणीत कालवण आणि बाजरीची भाकरी केली होती. “सावकाश खावा, काटं हाईत,” असं त्या म्हणाल्या. मला मासा खाता येतो या घमेंडीत मी मान डोलावली आणि चौथ्या घासाला काटा घशात अडकला. श्वास चालू होता, पण गिळता येईना, बोलता येईना. डोळ्यांतून पाणी. खरं सांगते, मी घाबरले.

रेश्मा ताटावरून उठून माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली. धुतलेल्या हातात चिमटा, दुसऱ्या हातात मोबाइलची बॅटरी.

“मी हाय हितं,” ती म्हणाली. “कुठं दुखतंय, बोटानं दाखवा.”

माझी निम्मी भीती तिथेच गेली. मी बोट ठेवलं, तोंड उघडलं, आणि तिने चिमट्याने काटा अलगद बाहेर काढला. भाभी ‘या अल्ला’ करत भिंतीला टेकल्या होत्या.

पाणी पिऊन घसा मोकळा झाल्याबरोबर मी ओरडले, “रेश्मा! आत्ता काय म्हणालीस?”

“काय म्हटलं? काय न्हाय.”

“म्हणालीस! तू त्रास विचारलाच नाहीस. तेच इंग्रजीत म्हण.”

ती गोंधळली, मग हळूच बोलली, “आय’म हिअर. शो मी व्हेअर इट हर्ट्स.” ना प्रॉब्लेम, ना ट्रबल, ना मॅटर. सगळे पाचवी-सहावीचे शब्द. निवडायला काही उरलंच नव्हतं. तीस वर्षं शब्दाशेजारी शब्द ठेवून फरक दाखवणारी मी, पण पेशंट मी स्वतः झाले तेव्हाच मला कळलं की मला प्रश्न नको होता.

शुक्रवारी दुपारी रेश्मा आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर बसली. बाहेर भाभी आणि मी. भाभींचा जीव टांगणीला लागला होता, माझाही. पडद्यावरची बाई कण्हल्याचं सोंग करतेय, ते बाहेर ऐकू आलं. मग रेश्माचा आवाज आला, वॉर्डात आबांशी बोलतानाचा तोच आवाज. “आय’म हिअर.”

“काय म्हनली?” भाभींनी कुजबुजत विचारलं.

“मी हितं हाय, म्हणाली.”

भाभींनी मान हलवली. पाऊण तासाने रेश्मा बाहेर आली आणि माझ्या गळ्यात पडली. निवड झाली होती. त्या बाईंनी शेवटी तिला म्हटलं होतं की तुझ्याशी बोलून बरं वाटलं.

भाभी मला स्टँडवर सोडायला आल्या. पुण्याची गाडी लागायला वेळ होता. त्या कठड्यावर बसून पदराशी चाळा करत होत्या.

“मॅडम, ते ‘हिअर’ म्हंजी हितंच ना?”

“हो.”

“तिकडं दुसरा अर्थ न्हाय ना?”

“नाही.”

“मग पोरगी तिकडं जाऊन रोज कुनालातरी म्हननार, मी हितं हाय.” त्या हसल्या, पण हसू टिकलं नाही. “आन् मी हितं.”

गाडी लागेपर्यंत मी त्यांचा हात धरून बसले.

भिगवणच्या अलीकडे पाणी दिसू लागलं तेव्हा अक्काचा फोन आला. ‘हिअर’ हा शब्द मी दरवर्षी पहिल्याच आठवड्यात शिकवून मोकळी व्हायचे, सोपा म्हणून.

“झाली का गं निवड?”

“झाली.”

“मग रडतेस कशाला?”

मी तिला भाभींचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. अक्का म्हणाली, “जायची कधी आहे पोर? ती गेली की तिच्या आईला सांग, मी आहे इथं.”