दहा पावलांवरचा तंबू

तुम्ही सगळे देशाच्या पार पश्चिम टोकाला, सरेला राहायला जायच्या आदल्या दिवशी तू माझ्या टीव्हीवर ती जपानी ॲनिमे मालिका लावून दिलीस. म्हणालीस, "आजी, इट्स अबाउट कॅम्पिंग अलोन. यू विल लाइक इट." धाकट्याने लगेच विचारलं, आजीला अलोन का आवडेल? त्यावरून भांडतच तुम्ही दोघं लिफ्टमध्ये शिरलात.

त्याला दोन वर्षं झाली. मालिका मी तीनदा पाहिली. एक अबोल माणूस एकटाच तंबू घेऊन रानात जातो. एक बडबडी बाई चुकून त्याच्याच जागेवर येऊन पोचते आणि जायचं नाव घेत नाही. शेवटी दोघं ठरवतात की यायचं बरोबर, पण राहायचं एकेकट्याने. तंबू दोन, शेगड्या दोन, मध्ये दहा पावलं, आणि हाक आल्याशिवाय दुसऱ्याच्या तंबूपाशी जायचं नाही. हा शेवटचा नियम मला फार पटला. बोलावल्याशिवाय मी कोणाकडेच जात नाही.

तुमच्याकडेही गेले नाही. फोनवर तुमचे बाबा दर वेळी म्हणायचे, "आई, ये ना कधीतरी." तीस वर्षं मी इंग्रजी शिकवलं. 'कम समटाइम' हे आमंत्रण नाही, फोन ठेवण्याची पद्धत आहे, हे मला कळतं. मराठीतलं 'कधीतरी'ही तसलंच. आमंत्रणाला तारीख असते. तुमची नागपूरची आजी, म्हणजे माझ्या विहीणबाई, मात्र मिल्टनला तुमच्या मामाकडे राहतात, तिथून दोनदा सरेला जाऊन आल्या. तुमच्याबरोबरचे त्यांचे फोटो मी मोठे करकरून पाहिले. त्यांना तारीख मिळाली आणि मला नाही, हे मी कोणाला बोलून दाखवलं नाही. नॉर्थ यॉर्कच्या माझ्या घरात खिडकीशी बसून धाकट्याची उंची मात्र मोजत राहिले. दुसऱ्या फोटोत तो विहीणबाईंच्या खांद्याला लागत होता.

यंदाच्या उन्हाळ्यात तुम्ही येणार म्हणून थंडीतच मी तळ्याकाठच्या पार्कात तंबूची जागा बुक केली. नवे तंबू आणले, सामानाची यादी टाइप करून प्लास्टिकच्या पिशवीत घातली. जूनमध्ये बाबांचा फोन आला, रजा मिळत नाही म्हणून. मी "हरकत नाही" म्हटलं. तुमच्यासाठीची चादर कोणत्या दिवशी धुवायची होती, हेसुद्धा त्या यादीत होतं.

विहीणबाईंना कळवलं तर त्या म्हणाल्या, "कशाला कॅन्सल करून राहिल्या तुम्ही? आपण जाऊ."

"आपण दोघी?"

"मग? तुमचा तो जपानी माणूस नाही जात?"

तुमच्या आईबाबांच्या लग्नानंतर पंधरा वर्षांत आम्ही दोघी कधी एकट्या बसलो नव्हतो. लग्नात मला पंगतीला कोणी बोलवायला आलं नाही, म्हणून मी हॉलच्या खुर्चीवर उपाशी बसून राहिले होते. ती अढी अजून होती. म्हणून मालिकेतल्या अटी मी त्यांना आधीच समजावून सांगितल्या. त्या म्हणाल्या, "बरं बाप्पा. नियम तर नियम."

तुमच्या मामाने आम्हाला पार्कात सोडलं. तो तंबू ठोकायला लागला तसं आम्ही दोघींनी त्याला हाकललं. मी दहा पावलं मोजली. त्यांनी पुन्हा मोजली, त्यांची आठच भरली. "तुमची पावलं पुण्याची, आखूड," त्या म्हणाल्या. तंबू उभे राहायला दोन तास लागले. माझा बरा झाला. त्यांचा एका अंगाला बसला होता, पण मदतीची हाक आली नाही, म्हणून मी गेले नाही.

मग स्वयंपाक. मी वरणफळं केली, धाकटा ज्याला 'डाळ पास्ता' म्हणतो ती. पातेल्यात पाहिलं तर चौघांना पुरतील एवढी झालेली. एकटीने खाववेना. विहीणबाई हाक मारतील, मग पातेलं घेऊन जावं, असा विचार करून मी पुस्तक उघडून बसले. पलीकडून फोडणीचा वास आला, मग तोही थांबला. त्या तळ्याकडे तोंड करून बसल्या होत्या. सूर्य अजून झाडांच्या वर होता. वरणफळांवर साय धरली.

पाऊण तासाने त्या ओरडल्या, "अहो, बोलावता की नाही? माझ्या चिकोल्यांचा दगड झाला!"

"मी तुमच्याच हाकेची वाट पाहत होते."

"मला वाटलं, मुलाच्या आईचा मान पहिला. तुम्ही बोलवायचं."

"मला वाटलं, मान मुलाच्या आईचा, म्हणून तुम्ही बोलवायचं."

त्यांनी झाकण उघडून दाखवलं. चिकोल्या म्हणजे वरणफळंच. पातेलंही चौघांचं. आम्ही दोघी खूप हसलो. पण ती चौघं सरेला होती, हे दोघींनाही माहीत होतं.

दोन्ही पातेल्यांतलं थोडं थोडं वाढून घेतल्यावर मी विचारलं, "सरेला तुम्हाला कोणी बोलावलं होतं?"

"कोणीच नाही. मी फोन केला, म्हटलं, मंगळवारी येऊन राहिली, एअरपोर्टवर या."

"आणि त्यांना चाललं?"

"तुम्ही लग्नातपण अशाच बसून होत्या ना खुर्चीवर? मला वाटलं, उपास आहे."

सकाळी चहाचं पाणी ठेवण्याआधीच मी तुमच्या बाबांना फोन लावला. सरेचं घड्याळ तीन तास मागे असतं, हे माझ्या फ्रिजवर चिकटवलेलं आहे. तरी विसरले. तिथे पहाटेचे चार वाजले होते.

"आई? काय झालं? बरी आहेस ना?"

"बरी आहे. मी येते आहे."

मग ते हळूच म्हणाले, "कधी?"

तारीख मी ठरवलीच नव्हती. तसं सांगितलं. "चालेल," ते म्हणाले. "मला वाटायचं, तुला तुझं घर सोडून राहायला आवडत नाही. म्हणून कधी जोर केला नाही."

पलीकडे विहीणबाई माझ्या तंबूच्या खुंट्या उपटत होत्या. मी हाक मारली नव्हती.

तर मुलांनो, पुढच्या महिन्यात मी येते आहे. सामानात तो तंबूही आहे. तुमच्या मागच्या अंगणात, दारापासून दहा पावलांवर ठोकीन. धाकट्याला सांग, पावलं त्याने मोजायची, माझी आखूड आहेत. हाक मारली नाहीत तरी मी आत येईन.

पण मारा.